वरच्या कोर्टात शिक्षेचे काय होते? मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्याचे निकालपत्र गोव्यात पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी

‘उच्च न्यायालयाने नराधमाची शिक्षा घटवली’ असा मथळा आला की चहाच्या टपरीपासून घरच्या व्हॉट्सॲप गटापर्यंत एकच सूर लागतो: पैसे खाल्ले असणार, नाहीतर कायद्यातच राम नाही. मथळ्यात फक्त आकडा असतो, विसाचे दहा झाले एवढेच. दहा का झाले ते निकालपत्राच्या पोटात असते, आणि ते उघडून बघायची तसदी फार थोडे लोक घेतात. हा लेख त्या थोड्यांसाठी आहे. खालच्या कोर्टाचा निकाल लागला, आता पुढे काय, अशा पेचात सापडलेले आईवडील, नुकतेच कोर्टाचे वार्तांकन हाती आलेले पत्रकार, मुलाबरोबर साक्षीला गेलेल्या शाळेतल्या बाई आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे वकील.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळे तिच्याभोवती फिरते. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत शिक्षेचा आकडा न्यायाधीशाच्या दयामायेवर कमी आणि कलम, वय व घटनेची तारीख या तिघांवर जास्त अवलंबून असतो. अपिलात आकडा हलला असेल, तर बहुतेक वेळा या तिघांपैकी काहीतरी हललेले असते. म्हणून आकडा शेवटी वाचा.

पायरी पहिली: शेवटचे पान आधी

निकालपत्र साठ-सत्तर पानांचे असू शकते आणि ते इंग्रजीत असते. घाबरू नका. आदेशाचा भाग शेवटी येतो, तो वकिलाकडून ओळ न् ओळ समजून घ्या. गोव्यात त्यात दोन कायदे शेजारी शेजारी दिसण्याची शक्यता मोठी. एक देशभर लागू असलेला पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, २०१२ चा. दुसरा आपला गोवा बाल कायदा, २००३ चा, ज्याखाली पणजीचे बाल न्यायालय आले. पॉक्सो येण्याच्या नऊ वर्षे आधी गोव्याने स्वतःचा कायदा केला, कारण किनाऱ्यावरचे पर्यटन आणि मडगावात १९९१ साली उघडकीला आलेले मुलांच्या आश्रमाचे भयंकर प्रकरण राज्याने जवळून पाहिले होते. त्या प्रकरणात १९९६ साली जन्मठेप झाली.

समजा, शेवटच्या पानावर असा आदेश आहे (हा मी रचलेला नमुना आहे, कुठल्या खऱ्या खटल्यातला नाही): पॉक्सोच्या कलम ६ खाली २० वर्षे सक्तमजुरी आणि ५०,००० रुपये दंड, दंड न भरल्यास ६ महिने साधी कैद, गोवा बाल कायद्याच्या कलम ८(२) खाली १० वर्षे आणि २ लाख रुपये दंड, तो न भरल्यास आणखी १ वर्ष, धमकी दिल्याबद्दल १ वर्ष, सर्व शिक्षा एकाच वेळी भोगायच्या, कच्च्या कैदेतला काळ वजा.

घरचे लोक बेरीज करतात: २० अधिक १० अधिक १, म्हणजे ३१ वर्षे. तसे नाही. ‘एकाच वेळी’ म्हटले की सगळ्यांत लांब शिक्षा तेवढी मोजायची, म्हणजे २०. खटला चालू असताना आरोपी कोलवाळच्या तुरुंगात दोन वर्षे होता, तर ती दोन त्या विसातच धरली जातात, उरतात १८. दंड न भरल्याची कैद मात्र या हिशेबात मिसळत नाही, ती मूळ शिक्षेच्या पुढे स्वतंत्र भोगावी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेखाली ‘एकाच वेळी’ हे शब्द आदेशात नसतील तर शिक्षा एकामागून एक धावत; नव्या संहितेत एकाच वेळी की एकामागून एक हे कोर्टाने सांगावेच लागते. अपिलात कधी कधी केवळ एवढ्याच मुद्द्यावर दुरुस्ती होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटते शिक्षा निम्मी केली. प्रत्यक्षात एका वाक्याची भर पडलेली असते.

पायरी दुसरी: तारीख, वय, कलम

इथे वेळ घालवा. बाकीच्या पायऱ्या घाईत वाचल्यात तरी चालतील.

आधी तारीख. खटला कधी चालला किंवा निकाल कधी लागला हे महत्त्वाचे नाही; गुन्हा कधी घडला ते महत्त्वाचे. पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. १६ ऑगस्ट २०१९ पासून त्यातल्या शिक्षा वाढल्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. राज्यघटनेचे कलम २०(१) सांगते की गुन्हा घडला त्या दिवशी कायद्यात जेवढी शिक्षा होती त्याहून जड शिक्षा देता येत नाही. छत्तीसगडच्या एका खटल्यात नेमके हेच झाले. पाच वर्षांच्या मुलीवरचा अत्याचार मे २०१९ मधला, म्हणजे दुरुस्तीच्या तीन महिने आधीचा. खालच्या कोर्टाने ‘उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर’ कैद दिली, उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दोषी ठरवणे कायम ठेवले, पण ‘उर्वरित आयुष्यभर’ हा भाग काढून साधी जन्मठेप केली, कारण तो भाग ऑगस्ट २०१९ च्या दुरुस्तीने आला होता. गुन्ह्याचे गांभीर्य कोर्टाला कमी वाटले असा याचा अर्थ काढला तर तो चुकीचा.

आता वय. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण, मुलगा असो वा मुलगी, पॉक्सोसाठी बालक. पण आत आणखी दोन रेषा आहेत, सोळाची आणि बाराची. बलात्काराच्या स्वरूपाच्या गुन्ह्याला (कलम ४) २०१९ पूर्वी किमान ७ वर्षे होती, आता १०. आणि बालक सोळाच्या आतले असेल तर किमान २०. बालक बाराच्या आतले असेल तर तोच गुन्हा ‘गंभीर’ गटात, म्हणजे कलम ६ मध्ये जातो. तिथे २०१९ पूर्वी किमान १० होती, आता २०, आणि वर जन्मठेप किंवा फाशीपर्यंत. त्यामुळे मुलाचे वय सहा महिन्यांनी इकडचे तिकडे झाले की शिक्षा दहा वर्षांनी सरकू शकते. बचाव पक्षाचा वकील अपिलात जन्मतारखेवर तासभर बोलतो तो उगाच नाही.

वयाच्या पुराव्याची उतरंड बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर पंचायत, पालिका यांच्याकडचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. गोव्यात जन्मनोंदणीची सवय जुनी असल्याने इथल्या कुटुंबांना सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती कामासाठी इथे आलेल्या मजूर कुटुंबांना, ज्यांचा दाखला तिकडच्या गावातल्या शाळेत असतो, आणि घाईत शाळेत घालताना लावलेली अंदाजे तारीख वेगळीच असते. दोन कागदांवर दोन तारखा असतील तर ते सरकारी वकिलाला खटला चालू असतानाच सांगा. अपिलात ती फट दिसली की पुढची सगळी मेहनत तिथून गळते.

आणि कलम. पॉक्सोची उतरण साधारण अशी: कलम ६ सर्वांत जड, मग ४, मग १० (गंभीर स्वरूपाचा लैंगिक हल्ला, ५ ते ७ वर्षे), मग ८ (लैंगिक हेतूने स्पर्श, ३ ते ५ वर्षे), मग १२ (छळ, ३ वर्षांपर्यंत). वय सोडूनही गुन्हा ‘गंभीर’ ठरण्याची कारणे कायद्यात मोजून दिली आहेत: आरोपी नातेवाईक असणे, पोलीस असणे, शाळेचा किंवा रुग्णालयाचा कर्मचारी असणे, वारंवार केलेले कृत्य, आणि इतर. यातले कारण आरोपपत्रात आणि साक्षीत दोन्हीकडे आलेले हवे. ‘तो तिचा काका लागतो’ हे सगळ्या वाड्याला ठाऊक आहे, पण साक्षीत कोणी नाते सांगितलेच नाही, तर वरचे कोर्ट कलम ६ वरून ४ वर उतरू शकते. प्रयत्नाचेही तसेच. गुन्हा पूर्ण झाल्याचे सिद्ध न होता केवळ प्रयत्न सिद्ध झाला तर कलम १८ लागते, ज्यात शिक्षा मूळ गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या अर्ध्यापर्यंतच. जन्मठेपेचे ‘अर्धे’ काढताना कायदा जन्मठेप २० वर्षांची धरतो, म्हणून १० वर्षे ही वरची मर्यादा.

पायरी तिसरी: अपील नक्की कोणाचे?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि अर्धा गोंधळ इथेच आहे. एकाच निकालावर तीन बाजूंनी अपील येऊ शकते आणि तिघांचे अधिकार सारखे नाहीत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, म्हणून कंसात तिचे क्रमांक देतो.

दोषी ठरलेल्याचे अपील (कलम ४१५). यात कोर्ट त्याला सोडू शकते, कलम बदलू शकते, शिक्षा कमी करू शकते, क्वचित खटला पुन्हा चालवायला सांगू शकते. त्याच्याच अपिलात त्याची शिक्षा वाढवता येत नाही (कलम ४२७). तमिळनाडूच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हेच ठणकावून सांगितले: दुसऱ्या बाजूचे अपीलच नसेल, तर आपल्या शिक्षेविरुद्ध दाद मागायला आलेल्याला वाढीव शिक्षा देऊन परत पाठवता येत नाही.

सरकारचे अपील. शिक्षा कमी वाटली तर राज्य सरकार वाढीसाठी उच्च न्यायालयात जाऊ शकते (कलम ४१८). आरोपी सुटला असेल तर सुटकेविरुद्ध जाऊ शकते, पण त्यासाठी आधी उच्च न्यायालयाची परवानगी लागते (कलम ४१९). वाढीच्या अपिलाला एक उलटी धार आहे: तिथे आरोपीला स्वतःचे वेगळे अपील न करताही ‘मला निर्दोष सोडा’ किंवा ‘शिक्षा कमी करा’ असे म्हणण्याचा हक्क मिळतो. तेव्हा सरकारने वाढीसाठी जावे असा आग्रह धरण्याआधी पुरावा किती भक्कम आहे ते वकिलाला विचारा.

पीडित बालकाच्या बाजूचे अपील (कलम ४१३). हे तीन कारणांसाठीच: आरोपी सुटला, हलक्या कलमाखाली दोषी ठरला, किंवा नुकसानभरपाई कमी मिळाली. सुटकेविरुद्ध पीडिताला परवानगी मागावी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. पण कलम तेच राहिले आणि फक्त वर्षे कमी वाटली, तर पीडिताला अपील करता येत नाही. २०२० च्या एका दिल्लीच्या खटल्यात हे पक्के झाले. मला स्वतःला हा नियम पटत नाही, पण आज तो असाच आहे. मार्ग दोन उरतात. वाढीसाठी अपील करावे म्हणून सरकारला, अभियोग संचालनालयामार्फत (सरकारी वकिलांचे कार्यालय), लेखी विनंती करायची. किंवा पुनरीक्षण अर्ज करायचा, म्हणजे खालच्या कोर्टाचा आदेश उच्च न्यायालयाने तपासून बघावा अशी मागणी, ज्यात शिक्षा वाढवण्याआधी आरोपीला बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. सुटका मात्र पुनरीक्षणात दोषसिद्धीत बदलता येत नाही.

सुटकेविरुद्धचे अपील फळते का? गोव्यातलेच उदाहरण आहे. हणजूण किनाऱ्यावर २००८ मध्ये मृतावस्थेत सापडलेल्या अल्पवयीन ब्रिटिश मुलीच्या खटल्यात बाल न्यायालयाने २०१६ मध्ये दोन्ही आरोपींना सोडले. सीबीआय उच्च न्यायालयात गेली. २०१९ मध्ये गोवा खंडपीठाने एकाची सुटका कायम ठेवली, दुसऱ्याला सदोष मनुष्यवध आणि इतर कलमांखाली दोषी धरून १० वर्षे सक्तमजुरी दिली. घटनेपासून अकरा वर्षे.

पायरी चौथी: मुदत आणि पत्ता

दोषसिद्धी किंवा शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात जायला ६० दिवस, फाशी असेल तर ३०. सुटकेविरुद्ध सरकारला ९० दिवस. पुनरीक्षणालाही ९०. पीडिताच्या अपिलासाठी मुदत कायद्यात वेगळी लिहिलेली नाही, म्हणून साठ दिवस धरूनच चाला. निकालाची प्रमाणित प्रत मिळवण्यात गेलेले दिवस यातून वगळतात. त्यासाठी प्रतीचा अर्ज केल्याची तारीख आणि प्रत मिळाल्याची तारीख दोन्ही प्रतीवर शिक्क्यानिशी आहेत ना, ते खिडकीवरच बघून घ्या. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज असतो, पण ‘माहिती नव्हती’ एवढ्यावर तो चालत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचे गोवा खंडपीठ २०२१ पासून पर्वरीच्या नव्या इमारतीत आहे. जुनी माणसे अजून आल्तिनोवर पाठवतात, तिकडे चढू नका.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर: महिला आणि बालके यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, आणि तुरुंगातल्या आरोपीलाही आहे. कायदा सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००. उच्च न्यायालयासाठी वेगळी कायदा सेवा समिती असते, अर्ज तिथे करावा लागतो.

पायरी पाचवी: अपील चालू असताना तो बाहेर येईल का?

आईवडिलांचा हा पहिला प्रश्न असतो, आणि बरोबरच आहे; तो माणूस बहुतेकदा शेजारचा किंवा घरातलाच असतो.

अपील दाखल झाले म्हणून शिक्षा आपोआप थांबत नाही. शिक्षेला स्थगिती आणि जामीन यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो (कलम ४३०). शिक्षा तीन-पाच वर्षांची असेल तर स्थगिती मिळण्याची शक्यता बरीच, कारण अपिलाचा नंबर लागेपर्यंत शिक्षाच भोगून संपेल, हा युक्तिवाद कोर्टाला पटतो. शिक्षा दहा वर्षे किंवा जास्त असेल तर सरकारी वकिलाला लेखी विरोध करायची संधी द्यावीच लागते, आणि कोर्ट पुरावा नव्याने चाळत बसत नाही. दोषसिद्धी टिकणारच नाही असे काही वरवर पाहताच दिसते का, एवढेच बघते. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पॉक्सोच्या खटल्यांत जामिनाच्या सुनावणीची माहिती बालकाच्या कुटुंबाला दिली जावी यासाठी सूचना घालून दिल्या. ही नोटीस पोलीस ठाण्यामार्फत येते. घर बदलले, फोन बदलला, मूल आजोळी राहायला गेले, तर ठाण्यात लेखी कळवा आणि पोच घ्या. नोटीस जुन्या पत्त्यावरून परत गेली की सुनावणी तुमच्याशिवाय होते. स्थगिती मिळालीच तर त्या तालुक्यात फिरकायचे नाही, बालकाशी संपर्क नाही, अशा अटी मागता येतात. त्या मागाव्या लागतात.

पायरी सहावी: सुनावणीत काय चालते

मुलाला पुन्हा साक्षीला बोलावत नाहीत. हे वाक्य मी आईबापांना दोनदा सांगतो. अपील कागदांवर चालते: फिर्याद, बालकाचा जबाब, उलटतपासणी, गोमेकॉतला (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) वैद्यकीय अहवाल, प्रयोगशाळेचा अहवाल, निकाल. जादा पुरावा घेण्याची तरतूद आहे, पण ती क्वचित वापरली जाते.

न्यायमूर्तींचा क्रम ठरलेला असतो. पहिले, गुन्हा सिद्ध झाला का? पॉक्सोच्या कलम २९ मध्ये आरोपीविरुद्ध गृहीतक आहे, म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत गुन्हा त्यानेच केला असे कोर्ट धरते, तरी मूळ घटना आधी सरकारी पक्षालाच दाखवावी लागते. एकट्या बालकाच्या साक्षीवर दोषसिद्धी टिकू शकते, पण ती साक्ष पढवलेली नाही याची खात्री कोर्ट करते. दुसरे, सिद्ध झालेली घटना कुठल्या कलमात बसते? आणि शेवटी, त्या कलमाच्या किमान-कमालच्या आत किती?

खरा वाद दुसऱ्या प्रश्नात असतो. नागपूरचा खटला आठवत असेल. बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात विशेष न्यायालयाने पॉक्सोच्या कलम ८ खाली तीन वर्षे दिली होती. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने ‘त्वचेला त्वचेचा स्पर्श’ झाला नाही म्हणून ते कलमच काढले आणि भारतीय दंड संहितेच्या विनयभंगाच्या कलमाखाली एक वर्षावर आणले. लोकांनी आकड्यावर संताप केला. पण वर गेलेले अपील मुळात कलमाबद्दल होते, आणि खुद्द देशाचे महान्यायवादी त्यासाठी उभे राहिले. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की महत्त्वाचा आहे तो लैंगिक हेतू, मध्ये कपडा होता की नाही हे नव्हे. कलम ८ परत आले, आणि त्याच्या मागून तीन वर्षेही परत आली.

उत्तर प्रदेशातला २०२३ चा निकाल त्याच पठडीतला. दहा वर्षांच्या आसपासच्या मुलाचे प्रकरण. उच्च न्यायालयाने कलम ६ ऐवजी ४ लावून दहाची सात वर्षे केली. मूल बाराच्या आतले, म्हणजे कायद्याने गुन्हा गंभीरच. सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षे परत आणली आणि बजावले की कायद्याने किमान शिक्षा ठरवली असेल तर तिच्या खाली जायला कोर्टाला मोकळीक नाही. बलात्काराच्या जुन्या कलमात ‘विशेष कारणे’ नोंदवून किमानाखाली जायची वाट होती, ती २०१३ मध्ये बंद झाली. पॉक्सोमध्ये तशी वाट ठेवलेलीच नाही.

मग तिसऱ्या प्रश्नात, म्हणजे किमान आणि कमाल यांच्या मधल्या जागेत, काय तोलतात? बालकाचे वय, विश्वासाचे नाते, किती काळ चालले, धमक्या, मनावर-शरीरावर झालेला परिणाम एका पारड्यात. आरोपीचे वय, आधीचे गुन्हे, तुरुंगातले वर्तन, आतापर्यंत भोगलेली कैद दुसऱ्या. ‘घरातला एकटा कमावता’ हे जवळजवळ प्रत्येक अपिलात लिहिलेले असते आणि जवळजवळ प्रत्येक निकालात एका ओळीत बाजूला पडते. वाड्यावरच्या मोठ्या माणसांचे ‘मिटवून टाका, लग्न लावून देऊ’ यालाही किंमत नाही: तडजोड किंवा नंतरचे लग्न हे बलात्काराची शिक्षा कमी करण्याचे कारण नाही, असे तीन न्यायमूर्तींनी २०१३ मध्येच सांगितले आहे.

मग पश्चिम बंगालच्या त्या प्रकरणाचे काय, असे कोणी विचारील. तिथे अल्पवयीन मुलगी आणि पंचविशीचा तरुण एकत्र राहत होते. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्याला सोडले आणि वर किशोरवयीन मुलींना संयमाचे धडे दिले. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्ट २०२४ रोजी ते सगळे पुसून दोषसिद्धी परत आणली. नंतर मे २०२५ मध्ये, मुलीची परिस्थिती तज्ज्ञांकडून समजून घेऊन, राज्यघटनेच्या कलम १४२ खाली (पूर्ण न्याय करण्याचा खास अधिकार) शिक्षा न देण्याचा निर्णय दिला. हा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा, आणि हा निकाल इतरांसाठी पायंडा नाही हेही तिथेच लिहिले आहे. पर्वरीत उभे राहून ‘तसेच आम्हालाही द्या’ म्हणता येत नाही.

फाशीचे थोडक्यात. विशेष न्यायालयाने फाशी दिली तर आरोपीने अपील केले न केले तरी कागद पुष्टीसाठी उच्च न्यायालयात जातात आणि निदान दोन न्यायमूर्ती ते ऐकतात. पुष्टीशिवाय फाशी अमलात येत नाही. फाशी रद्द करून ‘२५ वर्षे किंवा ३० वर्षे सूट न देता’ अशी मधली शिक्षा उच्च आणि सर्वोच्च न्यायालयच देऊ शकते, खालचे कोर्ट नाही.

वेळेबद्दल भ्रम नको. बलात्काराच्या कलमांखालच्या अपिलांचा निकाल सहा महिन्यांत लावावा असे संहितेत लिहिले आहे. वर्षे मोजायची तयारी ठेवा. दाखल करताना बारा वर्षांची असलेली मुलगी निकालापर्यंत कॉलेजात गेलेली असते. तिला आता या खटल्याची किती बातमी हवी आहे, हे तिलाच विचारा.

पायरी सातवी: पैसे आणि नाव

पॉक्सोच्या कलम ४ आणि ६ खालचा दंड २०१९ च्या दुरुस्तीपासून बालकालाच द्यायचा असतो. बाकीचा दंड एरवी सरकारजमा होतो. तो मुलाला द्यावा असा आदेश असेल तरच मुलाला मिळतो, म्हणून आदेशात तसे वाक्य आहे का पाहा. नुकसानभरपाई वेगळी. ती विशेष न्यायालय देऊ शकते, आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही तरीही, आणि खटला चालू असताना अंतरिम रक्कमही मागता येते. निकालात भरपाईबद्दल एक शब्द नसेल तर अपिलाच्या मुदतीतच तो मुद्दा उचला.

नाव, शाळा, गाव, फोटो, आईवडिलांची ओळख: पॉक्सोच्या कलम २३ खाली यातले काही छापणे वा पसरवणे गुन्हा आहे. गोवा लहान आहे. ‘सत्तरीतल्या अमुक वाड्यावरची नववीतली मुलगी’ एवढे लिहिले तरी अख्ख्या तालुक्याला कळते. पत्रकारांनी निकालपत्राचा फोटो गटात टाकण्याआधी प्रत्येक पान तपासावे. पक्षकारांच्या यादीत आरोपीचे नाव असते, आणि आरोपी नातलग असला तर तेवढ्यावरून मूल ओळखू येते. नातलगांनीही ‘न्याय मिळाला’ असे स्टेटस ठेवताना तेच बघावे.

पायरी आठवी: उच्च न्यायालयानंतर

पर्वरीच्या निकालाने समाधान झाले नाही तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका (अपिलाची परवानगी मागणारा अर्ज), ९० दिवसांत. तिथे पुरावा पुन्हा पारखून घ्यायचा हक्क नसतो. कायद्याचा प्रश्न किंवा उघड अन्याय दाखवावा लागतो, आणि बऱ्याच याचिका पहिल्याच दिवशी काही मिनिटांत फेटाळल्या जातात. उच्च न्यायालयाने सुटका फिरवून जन्मठेप, फाशी, किंवा दहा वर्षे अथवा अधिक शिक्षा दिली असेल, तर मात्र आरोपीला थेट अपिलाचा हक्क आहे, परवानगीची गरज नाही. दिल्लीसाठीही मोफत वकील मिळतो, पण कागदांचे भाषांतर करून पाठवायलाच तीन-चार आठवडे जातात. म्हणून निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीचा अर्ज टाका, पर्वरीतल्या वकिलाकडून खालच्या कोर्टाच्या साक्षींची फाइल परत मागून घ्या, आणि नोंद करून ठेवा की कोणत्या मुद्द्यावर उच्च न्यायालयाने कलम, वय की तारीख यापैकी काय बदलले. दिल्लीचा वकील पहिल्या भेटीत तेच विचारील.